कांदा, रास्ता रोको आणि देशाचा शब्द: परदेशात पत नेमकी कशी घसरते?

'देशाची आंतरराष्ट्रीय पत घसरली' हे वाक्य हल्ली बातम्यांत वरचेवर ऐकू येतं. कुठे सरकार कोसळलं, कुठे तरुण संसदेत घुसले, कुठल्या पतमानांकन संस्थेने एखाद्या देशाचा दर्जा उतरवला, की हे वाक्य ठरलेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा दिल्ली, न्यूयॉर्कमधल्या मोठ्या लोकांचा विषय आहे. माझं मत उलट आहे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, येवला, देवळा, कळवण या कांद्याच्या पट्ट्यातल्या माणसाला हा विषय इतर कोणापेक्षाही लवकर समजेल, कारण तो त्याच्या कांदाचाळीत घडून गेला आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

७ डिसेंबर २०२३ ची रात्र

त्या रात्री केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली. अधिसूचना म्हणजे कायद्याने आधीच दिलेल्या अधिकारात सरकारने काढलेला लेखी हुकूम. त्यावर संसदेत चर्चा लागत नाही, राजपत्रात छापला की तो लागू होतो. ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद, असा तो हुकूम होता. सकाळी बाजार समित्यांमध्ये लिलाव थांबले आणि चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. पुढच्या काही आठवड्यांत भाव निम्म्याच्या आसपास आले.

हा त्या वर्षातला पहिला धक्का नव्हता. १९ ऑगस्टला अचानक ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं. तेव्हाही लिलाव बंद पडले, मग नाफेड या सहकारी खरेदी संस्थेमार्फत २,४१० रुपये क्विंटलने खरेदीची घोषणा झाली. सप्टेंबरच्या शेवटी व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद ठेवले. २८ ऑक्टोबरला किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर ठरलं, म्हणजे त्याहून स्वस्तात कोणी कांदा बाहेर विकायचा नाही. त्याची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत होती. ती संपायच्या आत थेट बंदी आली.

आता मुख्य गोष्ट. बंदीच्या हुकुमात ३१ मार्च ही तारीख सरकारनेच लिहिली होती. तिच्याकडे बघून कित्येकांनी उन्हाळ कांद्याचा, म्हणजे उन्हाळ्यात निघणाऱ्या पिकाचा, हिशोब मांडला. २२ मार्चला नवा हुकूम निघाला: पुढील आदेशापर्यंत बंदी कायम. ती उठली ४ मे रोजी, तीही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मेला नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचं मतदान झालं आणि दोन्ही जागा केंद्रातल्या सत्ताधारी आघाडीने गमावल्या. दिंडोरीत तर केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. दोन्हीकडच्या पराभवाला कारणं आणखीही असतील, पण त्या प्रचारात कांद्याचा विषय निघाला नाही असं गाव शोधून सापडलं नसतं.

पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य हटलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं.

पत म्हणजे कशाची पत?

देशाची पत दोन वेगळ्या गोष्टींची असते आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते.

एक पत कर्जाची. सरकार बाहेरून घेतलेले पैसे वेळेवर फेडेल का, याचा अंदाज पतमानांकन संस्था अक्षरांत देतात. मूडीज, फिच, स्टँडर्ड अँड पुअर्स या तीन मोठ्या. या बाबतीत भारताचं चित्र घसरणीचं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्सने भारताचा दर्जा एक पायरी वर नेला.

दुसरी पत शब्दाची. हा देश आज सांगतो ते उद्या पाळेल का? नियम बदलायचा असेल तर आधी सांगेल का? तिला अक्षरांचा दर्जा नसतो, ती समोरच्याच्या वागण्यात दिसते. आपल्या दारी रोज दूध घालणारा गवळी धरा. दूध चांगलं, भाव वाजवी. पण ऐन दिवाळीत, न कळवता, त्याने आठवडाभर रतीब बंद केला. तुम्ही भांडायला जात नाही, कोपऱ्यावरच्या डेअरीत दुसरा रतीब लावता. दिवाळीनंतर तो परत येतो तेव्हा म्हणता, आता अर्धा लिटरच घाल. त्याने कोणाचं कर्ज बुडवलेलं नाही, दुधात पाणी घातलेलं नाही. तरीही त्याचं काहीतरी गेलं आणि ते भाव उतरवून परत येत नाही.

बाहेरच्या ग्राहकाला आपण कसे दिसतो?

सप्टेंबर २०१९ च्या शेवटी भारताने कांदा निर्यात बंद केली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांच्या सभेत त्यांनी हसत हसत सांगितलं की, मी माझ्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय. पुढची विनंती मात्र त्यांनी गांभीर्याने केली: असं करायचं असेल तर आधी कळवत जा. लोक त्या विनोदावर हसले. विनंतीकडे लक्ष द्यायला हवं होतं. वर्ष भरायच्या आत, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा अचानक बंदी आली आणि मालाने भरलेले ट्रक सीमेवर उभे राहिले. ढाक्याने भारतीय उच्चायुक्तालयाला लेखी कळवलं की झालेल्या चर्चेला यामुळे धक्का बसतो.

त्या बंदीला आणखी एक संदर्भ आहे, जो आपल्याकडे फार कमी बोलला गेला. जून २०२० मध्ये केंद्रानेच वटहुकूम काढून कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या नेहमीच्या नियंत्रणातून बाहेर काढला होता. शेतकरी आता मोकळा, असं सांगितलं गेलं. तीन महिन्यांत निर्यात बंद झाली. नंतरचे कृषी कायदे, दिल्लीच्या सीमेवरचं वर्षभराचं आंदोलन आणि नोव्हेंबर २०२१ ची माघार यांबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत, आणि असावीत. पण या कायद्यांवर विश्वास ठेवा असं सांगितलं जात असताना कांदेवाला आपला सप्टेंबर आठवत होता, एवढं तरी मान्य करायला हवं.

गव्हाचं उदाहरण तर आणखी ठळक. १२ मे २०२२ ला वाणिज्य मंत्रालयाने जाहीर केलं की गहू निर्यात वाढवण्यासाठी मोरोक्को, ट्युनिशिया, इंडोनेशिया अशा नऊ देशांत व्यापारी शिष्टमंडळं पाठवणार. १३ मे रोजी गहू निर्यातबंदीचा हुकूम निघाला. उष्णतेच्या लाटेने पीक घटलं होतं, युक्रेन युद्धाने जगभर भाव चढले होते, म्हणजे बंदीला कारण नव्हतं असं नाही. पण त्या नऊ देशांच्या अधिकाऱ्यांनी या दोन कागदांचा काय अर्थ लावला असेल?

बाहेरचा ग्राहक भारतावर रागावत नाही. तो कराचीला, कैरोला, चीनला विचारणा करतो. २०२३-२४ च्या बंदीत आखाती देश आणि आग्नेय आशियातली मागणी पाकिस्तानकडे, इजिप्तकडे वळली. बांगलादेशाने स्वतःचं उत्पादन वाढवायला घेतलं. ते त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे.

घरातला असंतोष आणि बाहेरची पत यांचा संबंध काय?

रॉबर्ट पुटनम या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये एक साधी मांडणी केली. कुठलंही सरकार परदेशाशी वाटाघाटी करतं तेव्हा ते एकाच वेळी दोन टेबलांवर बसलेलं असतं. एका टेबलापलीकडे परके देश, दुसऱ्यापलीकडे आपलीच माणसं. पहिल्या टेबलावर दिलेला शब्द दुसऱ्यावर मान्य झाला नाही, तर तो टिकत नाही. मी या लेखात जे सांगतो आहे त्याचा गाभा हाच आहे. घरच्यांची संमती न घेता दिलेला शब्द बाहेर पाळता येत नाही, आणि बाहेरच्यांना हे कळायला वेळ लागत नाही.

केनियात जून २०२४ मध्ये हे अगदी उघडं पडलं. डोक्यावर कर्ज होतं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार होता, आणि महसूल वाढवतो असं सरकारने कबूल केलं होतं. त्यासाठी करवाढीचं विधेयक आलं. तरुण रस्त्यावर उतरले, २५ जूनला संसदेत घुसले, गोळीबार झाला, त्या आंदोलनात डझनावारी माणसं मेली. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं. ८ जुलैला मूडीजने केनियाचा दर्जा उतरवला.

वरवर पाहिलं तर आंदोलनामुळे पत गेली असंच वाटेल. पण मूडीजने कशावर बोट ठेवलं? तूट कमी करण्याची सरकारची क्षमता आता उरली नाही, यावर. म्हणजे नाणेनिधीला दिलेला शब्द पाळायला लागणारी घरची संमती सरकारकडे मुळात नव्हतीच. आंदोलनाने ते फक्त सगळ्यांसमोर आणलं.

श्रीलंकेत क्रम उलटा होता. तिथे सरकारचे निर्णय आधी फसले, लोक नंतर रस्त्यावर आले. २०१९ च्या शेवटी मोठी करकपात झाली, मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आला. मग कोविडने पर्यटन बुडालं. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर रातोरात बंदी आली. शेतकरी रस्त्यावर आले, भाताचं पीक घसरलं, नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. त्या काळात कोलंबोच्या बंदरात अन्नधान्याचे कंटेनर अडकून पडले, कारण बँकांकडे एलसी उघडायला डॉलर नव्हते. एलसी म्हणजे माल निघाल्याची कागदपत्रं दाखवली की पैसे देतो, अशी ग्राहकाच्या बँकेने विक्रेत्याला दिलेली हमी. कांदा-द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्या नाशिककरांना ती नव्याने समजावून सांगायची गरज नाही. १२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर केलं आणि ९ जुलैला लोक अध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. ज्यांनी जुलैची चित्रफीत पाहून 'आंदोलकांनी देश बुडवला' असं म्हटलं, त्यांनी एप्रिलची तारीख पाहिलेली नव्हती.

'पण आंदोलनाने देशाची बदनामी होतेच ना?'

हा आक्षेप मनापासून घेणारे बरेच जण मला भेटतात. त्यांना मी ६ मार्च २०१८ ची आठवण करून देतो. त्या दिवशी नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातले हजारो आदिवासी शेतकरी सहा दिवस चालले. कित्येकांच्या पायांची सालटी निघाली. मुंबईत दहावीची परीक्षा होती, मुलांची अडचण नको म्हणून दमलेली माणसं ११ मार्चच्या रात्रीही चालत राहिली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानावर पोचली. ती छायाचित्रं जगभर छापली गेली. त्यात बदनामी कोणाची झाली? उलट सरकारने चर्चा केली, मागण्यांवर लेखी आश्वासन दिलं, मोर्चा शांतपणे माघारी गेला. बाहेरून पाहणाऱ्याला एक चालती लोकशाही दिसली.

बदनामीची सुरुवात त्यानंतर होते. आश्वासनं पूर्ण झाली नाहीत म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा. त्या वेळी कांद्याचे भाव कोसळलेले होते. मोर्चा ठाणे जिल्ह्यात वाशिंदला थांबला आणि राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. कसत असलेली वनजमीन नावावर करण्याचा प्रश्न तिन्ही मोर्च्यांत होता. दोन वेळा लेखी कबूल केलेली गोष्ट तिसऱ्यांदा मागायला माणसं चालत निघतात, तेव्हा प्रश्न चालणाऱ्यांचा राहत नाही.

आंदोलनाची किंमत नसते असं मात्र मी म्हणणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये लिलाव जवळपास दोन आठवडे बंद राहिले, तेव्हा चाळीतला कांदा सडत होता आणि ज्याला मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला रोख हवी होती तो अडला होता. महामार्ग अडवला की रुग्णवाहिकाही अडते. हे नुकसान खरं आहे आणि आंदोलनाच्या नेत्यांनी त्याचा विचार करायलाच हवा. पण त्या नुकसानीची आणि देशाची पत घसरण्याची गल्लत करू नये.

'शहरातल्या गरिबाने ८० रुपये किलोने कांदा खायचा का?'

नाही, मुळीच नाही. हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि नाशिकच्या माणसाने तो झटकून टाकू नये. नाशिक शहरात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबालाही कांदा विकतच घ्यावा लागतो. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातलं सरकार गेलं त्यात कांद्याच्या भावाचा मोठा हात होता, त्यामुळे कुठलंही सरकार या भावाला घाबरणार.

म्हणजे हस्तक्षेप होणारच, भांडण आहे त्याच्या पद्धतीवर. जागतिक व्यापार संघटनेचे नियमसुद्धा अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती निर्यातबंदी करू देतात. शेतीविषयक कराराच्या कलम १२ मध्ये त्यासोबत दोन अटी आहेत: शक्य तितकी आधी लेखी सूचना द्या आणि आयात करणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करा. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण त्या वस्तूचे निव्वळ निर्यातदार असलेल्या देशाला नाही. कांद्याच्या बाबतीत भारत नेमका तसा आहे.

शिवाय भाव सावरायचं दुसरं साधन सरकारच्या हातात आहेच. नाफेड आणि एनसीसीएफ (राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघ) यांच्यामार्फत काढणीच्या वेळी कांदा विकत घेऊन साठवायचा आणि टंचाईत बाजारात आणायचा. २०२३ मध्ये हा साठा ३ लाखांवरून ५ लाख टनांवर नेला गेला. त्या खरेदीच्या पद्धतीबद्दल जिल्ह्यात तक्रारी आहेत, त्या स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. पण त्याच मार्गाने गेलं तर बाहेरच्या ग्राहकाला दिलेला शब्द तरी मोडत नाही.

आणखी एक जखम इथे नोंदवतो. एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असताना गुजरातमधून २,००० टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाली. त्यावर महाराष्ट्रात संताप उसळला. त्यानंतर सरकारने सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची परवानगी दिल्याचं सांगितलं. आकडे काहीही असोत, एका राज्याला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असं वाटू लागलं की असंतोष भावापुरता उरत नाही.

'इतक्या मोठ्या देशाला काय फरक पडतो?'

१९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेलाही असंच वाटलं होतं. घरात भाव चढले म्हणून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी फार काळ टिकली नाही, काही महिन्यांत सगळं पूर्ववत झालं. पण जपान हादरला होता. त्यांचा टोफू, त्यांचं सोया सॉस, सगळं अमेरिकी सोयाबीनवर चालत होतं. १९७४ मध्ये जपानचे पंतप्रधान तनाका ब्राझीलला गेले आणि पुढे जपानी पैसा व तंत्रज्ञान ब्राझीलच्या सेराडो या माळरानात उतरलं. तेव्हा ती जमीन आम्लधर्मी आणि शेतीला निरुपयोगी समजली जायची. आज ब्राझील जगातला सगळ्यात मोठा सोयाबीन निर्यातदार आहे. अमेरिका दुसऱ्या क्रमांकावर आहे. ब्राझीलच्या या वाढीत इतरही कारणं आहेत, पण एका उन्हाळ्यातल्या हुकुमाने ग्राहकाला दुसरा पुरवठादार उभा करायला कारण दिलं, हे निर्विवाद.

'आता शुल्क गेलंय, मग भाव का नाही?'

२०२५ मध्ये लासलगाव, पिंपळगावच्या कांदा बाजारांत हा प्रश्न सतत विचारला गेला. उत्पादन भरपूर होतं, हे एक उत्तर. दुसरं असं की बंदी एका सहीने उठते, ग्राहक सहीने परत येत नाही. त्याने दरम्यान दुसऱ्याशी हंगामाचे करार केलेले असतात, नवीन बियाणं, नवीन वाहतूक, नवीन ओळखी जमवलेल्या असतात. परत आला तरी भारताकडून थोडा माल, बाकी दुसरीकडून, अशी विभागणी करून येतो. हा धोक्याचा भाग तो भावात कापून घेतो, आणि ती कपात व्यापाऱ्याकडून खाली येत शेवटी लिलावात ट्रॅक्टर उभा करणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या पावतीत, उतरते.

म्हणून पुढच्या वेळी कांद्यावर निर्बंध आले, आणि भाव चढले की ते येतीलच, तर 'बंदी आली' एवढं ऐकून थांबू नका, अधिसूचनेचा मजकूर वाचा. आधी झालेले करार आणि बंदरावर पोचलेला माल यांना सूट आहे का? शेवटची तारीख दिली आहे का, आणि ती वाढवायची असेल तर किती दिवस आधी सांगणार हे लिहिलं आहे का? कारण म्हणून कुठला आकडा दिला आहे: पेरा, साठा की किरकोळ भाव? खासदाराला निवेदन द्यायचं, तर ते या प्रश्नांवर द्यावं. हे हुकूम राजपत्रात हिंदी-इंग्रजीत निघतात. ते त्याच दिवशी मराठीत करून लिलावाच्या आवारातल्या फलकावर लावायचं काम बाजार समित्यांनी आपणहून हाती घ्यावं, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.